टेबलावरील भूमिका-खेळाचे दप्तर : मोहिमेच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअरची निवड

प्रस्तावना

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांचा आधुनिक इतिहास १९७४ पासून सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याची मुळे युद्ध-खेळांत, म्हणजे शेवटी १८२४ मध्ये राइसविट्झ याने प्रशियाच्या सैन्यासाठी सिद्ध केलेल्या ‘क्रीग्सश्पील’ या नकाशावरील खेळापर्यंत जातात. तथापि युद्ध-खेळात खेळाडू सैन्य चालवितो, तर भूमिका-खेळात तो एका व्यक्तीची भूमिका घेतो, हा मूलभूत फरक आहे. प्रत्येक खेळाडू एक पात्र वठवितो आणि उरलेले सर्व जग, म्हणजे गावे, राजे, चोर, हवामान आणि अफवा, हे एकच व्यक्ती सांभाळते. इंग्रजीत तिला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. मराठीत ‘सूत्रधार’ हा शब्द तिला चपखल बसतो व प्रस्तुत लेखात तोच योजला आहे. एकच कथा पुढे नेणाऱ्या अशा अनेक बैठकींच्या मालिकेला ‘मोहीम’ म्हटले आहे.

मोहीम काही महिने चालते. काही मोहिमा वर्षानुवर्षे चालतात. या काळात निर्माण होणाऱ्या माहितीचे दप्तर कसे ठेवावे आणि त्यासाठी संगणकाचे कोणते साधन निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता छंदापुरता मर्यादित वाटेल. परंतु भूमिका-खेळ आता वर्गातही आला आहे. न्यूयॉर्कमधील बर्नार्ड महाविद्यालयात इतिहासाचे प्राध्यापक मार्क कार्न्स यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेल्या ‘रिअॅक्टिंग टू द पास्ट’ या अध्यापनपद्धतीत विद्यार्थी अनेक तासिका ऐतिहासिक व्यक्तींच्या भूमिकेत राहून वाद घालतात आणि प्रत्येकाजवळ इतरांना न दाखवायची उद्दिष्टे असतात. असा प्रयोग करू पाहणाऱ्या अध्यापकापुढेही नोंदींचा हाच प्रश्न उभा राहतो. कोणी कोणाला काय वचन दिले, कोणाला काय ठाऊक आहे आणि मागील तासाला वाद नेमका कोठे थांबला, हे त्याला लक्षात ठेवावे लागते.

दप्तरात काय असते

सॉफ्टवेअर निवडताना बहुधा एक चूक होते. साधनांच्या वैशिष्ट्यांची यादी आधी वाचली जाते आणि आपल्याजवळ कोणत्या प्रकारची माहिती आहे याचा विचार नंतर होतो, किंवा होतच नाही. मोहिमेच्या दप्तरात स्वभावतः भिन्न असलेली माहिती एकत्र नांदत असते. पात्राचे बळ, आघात सहन करण्याची क्षमता, जवळची शस्त्रे यांचे आकडे हा नियमांशी बांधलेला भाग होय. नियमावलीची आवृत्ती बदलली की तो बदलतो. दुसरा भाग जगाचा आहे. त्यात व्यक्ती, स्थळे, घराणी आणि त्यांचे परस्परसंबंध येतात. तिसरा भाग घडून गेलेल्या गोष्टींचा, म्हणजे बखरीचा. याखेरीज नकाशे व चित्रे असतात. आणि या सर्वांना छेदून जाणारा एक प्रश्न असतो, तो म्हणजे हे कोणाला ठाऊक आहे व कोणाला नाही.

यापैकी पहिल्या भागासाठी संगणकाची मदत सर्वांत आधी आली, कारण तेथे गणित होते. ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठी ‘कोअर रूल्स’ ही तबकडी १९९६ मध्ये निघाली. पुढे २००८ मधील चौथ्या आवृत्तीबरोबर ‘डी अँड डी इनसायडर’ ही वर्गणीची सेवा आली आणि तिच्यातील पात्र रचून देणारे साधन लोकप्रिय झाले. २०१७ पासून ‘डी अँड डी बियाँड’ हे संकेतस्थळ पाचव्या आवृत्तीसाठी तेच काम करीत आहे. ही साधने आपले काम चोख करतात. मात्र मोहीम सांभाळणे हे त्यांचे काम नव्हे. सूत्रधाराला बैठकीत अडवितो तो प्रश्न ‘या जादूने किती इजा होते’ असा क्वचितच असतो, कारण ते नियमपुस्तकात सापडते. अडविणारा प्रश्न असतो तो ‘चार महिन्यांपूर्वी आपण ज्या भटारणीशी बोललो होतो तिचे नाव काय’ असा. तो कोणत्याही पुस्तकात नसतो, कारण ती भटारीण सूत्रधाराने त्या क्षणी मनातूनच निर्माण केलेली असते.

दुसरा मोठा वर्ग आभासी टेबलांचा. ‘फँटसी ग्राउंड्स’ हे साधन २००४ मध्ये आले, ‘रोल२०’ २०१२ मध्ये आणि ‘फाउंड्री’ २०२० मध्ये. दूरदूरच्या शहरांत असलेल्या खेळाडूंना एकाच नकाशावर सोंगट्या हलविता याव्यात, फासे सर्वांसमक्ष पडावेत, अंधारातील खोली पात्र आत शिरल्यावरच उजळावी, हे त्यांचे प्रयोजन आहे. ‘फाउंड्री’चे वैशिष्ट्य असे की ती केवळ सूत्रधाराने एकदाच विकत घ्यावयाची असते व खेळाडू न्याहाळकातून जोडले जातात. मात्र ती स्वतःच्या संगणकावरून किंवा भाड्याच्या सर्व्हरवरून चालवावी लागते, आणि घरच्या महाजाल-जोडणीवर हे प्रत्येकालाच साधते असे नाही. या सर्व साधनांत टिपणे लिहिण्याची सोय आहे, पण ती नकाशाच्या आश्रयाने राहते. नकाशावरील एखाद्या खोलीला चिकटविलेली टीप त्या खोलीत शिरल्यावर उपयोगी पडते. तीच माहिती दोन वर्षांनी वेगळ्याच संदर्भात हवी असेल तर मात्र शोधाशोध करावी लागते. ज्यांचा गट एकाच खोलीत बसून खेळतो त्यांनी केवळ नोंदींसाठी आभासी टेबल घेणे म्हणजे पाटी हवी म्हणून नाट्यगृह भाड्याने घेण्यासारखे आहे.

तिसऱ्या वर्गात जगाच्या व बखरीच्या नोंदी ठेवणारी साधने येतात. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय हाच वर्ग आहे. यात विकी, टिपणवह्या व विश्वरचनेसाठी खास बनविलेली संकेतस्थळे यांचा समावेश होतो.

एक उदाहरण

या वर्गातील साधनाने नेमके काय करावयाचे असते हे एका प्रसिद्ध मोहिमेवरून स्पष्ट होईल. (ही मोहीम पुढे कधी खेळाडू म्हणून खेळण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांनी हा विभाग वगळावा, हे उत्तम.) ‘कर्स ऑफ स्ट्राड’ हे २०१६ मधील पुस्तक ट्रेसी व लॉरा हिकमन यांच्या १९८३ मधील ‘रेव्हनलॉफ्ट’ या साहसावर आधारलेले आहे. धुक्याने वेढलेल्या बारोव्हिया नावाच्या खोऱ्यात पात्रे अडकतात आणि तेथील स्वामी स्ट्राड हा रक्तपिपासू असतो. आरंभीच्या काळात मादाम इव्हा ही भविष्यवेत्ती ‘तारोक्का’ नावाच्या पत्त्यांतून पाच पाने काढते. पहिली तीन पाने तीन मौल्यवान वस्तू खोऱ्यात कोठे दडल्या आहेत ते ठरवितात. चौथे पान पात्रांचा साहाय्यक कोण हे सांगते आणि पाचवे स्ट्राडशी अंतिम सामना त्याच्या गढीत कोठे होईल ते.

येथे दप्तराची पहिली कसोटी लागते. पाने खरोखर पिसून काढली असतील तर प्रत्येक गटाचे भविष्य वेगळे असते. म्हणजे छापील पुस्तकात उत्तर नाही. ते केवळ सूत्रधाराच्या नोंदीत आहे. त्या वस्तू हाती लागण्याची वेळ कित्येक महिन्यांनी येते. तोपर्यंत ‘तलवार अमुक ठिकाणी’ ही नोंद पहिल्या बैठकींच्या वृत्तांतात गाडली गेली तर तिचा उपयोग नाही. ती त्या स्थळाच्या पानावर दिसली पाहिजे, तलवारीच्या पानावरही दिसली पाहिजे आणि पत्ते काढल्याच्या दिवसाच्या वृत्तांतातही. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिली तर पुढे कधीतरी तिन्ही नोंदी परस्परांशी भांडू लागतात. यावरचा उपाय म्हणजे ती एकदाच लिहून इतरत्र तिचा दुवा देणे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या विकीचे मर्म हेच होते. त्याहीपूर्वी जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांनी सुमारे ९०,००० कागदी चिठ्ठ्यांना क्रमांक देऊन आणि एकीवर दुसरीचा क्रमांक लिहून हेच साधले होते. चांगल्या साधनात आणखी एक सोय असते. एखाद्या पानाकडे येणारे सर्व दुवे ते उलट दिशेने दाखविते. तलवारीचे पान उघडताच कोणकोणत्या बैठकीत तिचा उल्लेख झाला ते आपोआप दिसते. ही उलट दुव्यांची सोय नसलेले साधन, इतर बाबतीत ते कितीही देखणे असले तरी, दीर्घ मोहिमेसाठी घेऊ नये.

दुसरी कसोटी अधिक अवघड आहे. व्हलाकी नावाच्या गावात ‘ब्लू वॉटर इन’ ही खानावळ आहे. तेथे रिक्टाव्हिओ नावाचा रंगेल खेळवाला उतरला आहे. प्रत्यक्षात तो रुडॉल्फ व्हॅन रिक्टन हा पिशाचांचा नामांकित शिकारी असून वेष पालटून राहिला आहे. खानावळीचा मालक अर्विन मार्टिकॉव्ह हाही दिसतो तेवढाच नाही. त्याचे घराणे मनुष्यरूपातून कावळ्याचे रूप घेणारे आहे. खेळाडूंनी पाहावे अशा दप्तरात रिक्टाव्हिओचे पान हवे. सूत्रधाराच्या दप्तरात ते पान व्हॅन रिक्टनच्या पानाशी जोडलेले हवे. आणि गुपित फुटल्यावर खेळाडूंनाही तो दुवा दिसावयास हवा, पण मधल्या काळात शोधाच्या चौकटीत ‘रिक्टन’ टंकलिहिल्यास रिक्टाव्हिओचे पान वर येता कामा नये. अनेक साधनांत पानाचा मजकूर झाकता येतो, परंतु पानाचे नाव यादीत, नकाशात किंवा दुव्यांच्या जाळ्याच्या चित्रात उघडे राहते. कित्येक चाणाक्ष खेळाडूंना तेवढे पुरते.

गुप्ततेचा हा प्रश्न काही निर्मात्यांनी गांभीर्याने घेतला. ‘रेल्म वर्क्स’ या २०१४ मध्ये आलेल्या साधनात पानातील प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे खेळाडूंपुढे उघड करता येई. मजकुरातील नावे ओळखून ते आपोआप दुवेही सुचवी. कल्पना म्हणून ते अपूर्वच होते. ‘ऑब्सिडियन पोर्टल’ (२००७) या मोहिमांसाठीच्या विकीत सूत्रधाराने खाजगी मजकूर लिहावयाची वेगळी जागा आहे, तर ‘वर्ल्ड अॅन्व्हिल’ (२०१७) व ‘कांका’ यांसारखी संकेतस्थळे कोणाला काय दिसावे याचे बारकावे ठरवू देतात. तथापि बहुसंख्य गटांसाठी याहून सोपा मार्ग पुरेसा आहे. दोन दप्तरे ठेवावीत. सूत्रधाराचे दप्तर खाजगी असावे आणि खेळाडूंचे दप्तर खेळाडूंनीच लिहावे. खेळाडूंनी लिहिलेल्या वृत्तांतात चुका राहतात, गैरसमज राहतात, आणि ते राहू द्यावेत. पात्रांना जग जसे भासले तसे ते तेथे उतरते, आणि सूत्रधाराला त्यातून खेळाडूंनी कशाला महत्त्व दिले हेही कळते. परवानग्यांच्या जाळ्यात एक चौकट चुकीची टिचकी मारली गेली तर वर्षभराचे गुपित क्षणात फुटते, हा धोका दोन वेगळ्या दप्तरांत राहत नाही.

काळाची नोंद

गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये सूत्रधारांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात काळाची काटेकोर नोंद ठेवल्यावाचून मोहिमेला अर्थ उरत नाही, असे निक्षून बजावले होते. आजच्या सूत्रधारांपैकी अनेकांना हा आग्रह जाचक वाटतो, आणि एका संध्याकाळच्या खेळापुरता तो जाचक आहेही. पण ज्या कथेत शत्रूचे सैन्य वीस दिवसांत पोहोचणार असते तेथे आज कितवा दिवस हे ठाऊक नसेल तर शत्रू सूत्रधाराच्या मर्जीनुसार चालू लागतो आणि खेळाडूंच्या निर्णयांना किंमत उरत नाही.

संगणकाच्या दृष्टीने येथे एक गंमतीदार अडचण येते. ‘फरगॉटन रेल्म्स’ या जगातील हार्पटोस कालगणनेत प्रत्येकी ३० दिवसांचे १२ महिने असतात, महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पडतात आणि कोणत्याच महिन्यात न मोडणारे ५ सणाचे दिवस मध्ये येतात. दर चार वर्षांनी आणखी एक दिवस वाढतो. अधिकमास व क्षयतिथींची सवय असलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही, परंतु कोष्टक-प्रणालीला ते समजत नाही. तिच्या दिनांकाच्या सूत्रांना केवळ ग्रेगरियन कालगणना ठाऊक असते. कल्पित कालगणना सांभाळणारी खास साधने उपलब्ध आहेत, आणि ‘वर्ल्ड अॅन्व्हिल’सारख्या संकेतस्थळांवरही तशी सोय आहे. मात्र सर्वांत टिकाऊ युक्ती साधी आहे. मोहिमेचा पहिला दिवस १ मानून पुढे केवळ दिवसांचा क्रमांक लिहावा. ‘दिवस ४७, पुलावर लढाई’ अशी नोंद कोणत्याही प्रणालीत क्रमाने लावता येते, आणि त्या दिवशी कोणता सण होता ते हवे तेव्हा पडताळता येते. पात्रांचा गट दुभंगून दोन ठिकाणी गेला असेल तेव्हा तर या क्रमांकावाचून गत्यंतर नाही.

साधनाचे आयुष्य आणि मोहिमेचे आयुष्य

सॉफ्टवेअर निवडीच्या चर्चेत या मुद्द्याला सर्वांत कमी जागा मिळते. वास्तविक सर्वाधिक हानी येथेच होते. मोहीम पाच वर्षे चालू शकते. तिच्यासाठी निवडलेली सेवा तितकी टिकेल याची शाश्वती कोणी देत नाही.

‘डी अँड डी इनसायडर’चे पात्ररचनेचे साधन प्रथम संगणकावर उतरवून घेता येई. २०१० मध्ये ते महाजालावर नेण्यात आले व मायक्रोसॉफ्टच्या ‘सिल्व्हरलाइट’ या तंत्रावर उभारण्यात आले. पुढे ते तंत्रच मागे पडले आणि २०२० च्या आरंभी ही साधने बंद झाली. ज्या गटांनी चौथ्या आवृत्तीची मोहीम चालू ठेवली होती त्यांचा आधार गेला. ‘विकीस्पेसेस’ या मोफत विकी-सेवेवर अनेक मोहिमांची दप्तरे होती. ती २०१८ मध्ये गुंडाळण्यास प्रारंभ झाला. ‘गूगल प्लस’वर भूमिका-खेळणाऱ्यांचा मोठा समुदाय नांदत होता, ती सेवा एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद झाली. वर गौरविलेल्या ‘रेल्म वर्क्स’चा विकासही कालांतराने थंडावला. तेथे अडचण अधिक बिकट होती. हजारो तुकडे, त्यांचे दुवे आणि कोणता तुकडा कोणापुढे उघडला गेला याची माहिती त्या साधनाच्या स्वतःच्या विशिष्ट रचनेत बांधलेली असल्याने ती बाहेर काढूनही दुसऱ्या कोठे जशीच्या तशी बसेना. साधन जितके कुशल, तितके त्यातून बाहेर पडणे अवघड, असा हा विरोधाभास आहे.

सेवा चालू असतानाही भूमी पायाखालून सरकू शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘डी अँड डी बियाँड’ने जाहीर केले की नव्या नियमपुस्तकांतील जादू व जादुई वस्तू पात्रांच्या पत्रकांवर जुन्यांची जागा घेतील. म्हणजे २०१४ च्या नियमांनी चाललेल्या मोहिमेतील पात्रांचे वर्णन खेळाडूंना न विचारता बदलले असते. तीव्र नाराजीनंतर हा निर्णय काही दिवसांतच मागे घेण्यात आला. निर्णय मागे घेतला गेला हे चांगलेच झाले, परंतु तो घेता आला ही गोष्ट अधिक लक्षणीय आहे. घरातील फडताळात ठेवलेले पुस्तक रात्रीत बदलत नाही.

या पार्श्वभूमीवर साध्या मजकुराच्या फायलींचे महत्त्व ध्यानात येते. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ‘मार्कडाउन’ ही लेखनाची संकेतपद्धती प्रसिद्ध केली. तीत शीर्षकासाठी, ठळक अक्षरासाठी साधी विरामचिन्हेच वापरतात. त्यामुळे फाइल कोणत्याही संपादकात उघडते आणि तशीच वाचताही येते. ‘ऑब्सिडियन’ हे २०२० मध्ये आलेले साधन (‘ऑब्सिडियन पोर्टल’शी त्याचा काही संबंध नाही) अशाच फायलींच्या संचावर काम करते. त्यात दुवे आहेत, उलट दुवे आहेत, संबंधांचे जाळेही दिसते. ते मुक्तस्रोत नाही, पण उद्या ते बंद पडले तरी फायली वापरकर्त्याच्या संगणकावर शाबूत राहतात. अलीकडे सूत्रधारांमध्ये त्याला जी पसंती मिळाली तिचे हे मुख्य कारण मानता येईल. तथापि एक इशारा आवश्यक आहे. या साधनाला असंख्य पूरक जोडण्या लावता येतात, आणि उत्साहाच्या भरात कोष्टके, नकाशे, कालगणना, फासे असे सर्व काही जोडले जाते. प्रत्येक जोडणी मजकुरात स्वतःची खास भाषा मिसळते. अशा वीस जोडण्यांनंतर फाइल नावापुरतीच साधी राहते आणि आपण पुन्हा त्याच पिंजऱ्यात असतो, फक्त तो स्वतः बांधलेला असतो.

जेरेमी रस्टन यांच्या ‘टिडलीविकी’चा (२००४) मार्ग वेगळा आहे. येथे संपूर्ण विकी एकाच फाइलमध्ये सामावते आणि ती न्याहाळकात उघडते. वीस वर्षांनंतरही ती चालते. बदल जतन करण्याची रीत मात्र प्रथमदर्शनी गोंधळात टाकते, आणि ती नीट न समजल्याने एका बैठकीच्या नोंदी गमाविण्याचा अनुभव नवशिक्याला येऊ शकतो. मायक्रोसॉफ्टची ‘वननोट’ ही वही हाताळण्यास सोपी आहे. चित्र, हस्ताक्षर, मजकूर पानावर कोठेही ठेवता येतो, पण दुव्यांची शिस्त ती लावत नाही आणि तिची रचना तिची स्वतःची आहे.

दप्तर मराठीत असेल तर

सूत्रधार मराठीत नोंदी ठेवणार असेल तर निवडीत काही वेगळे प्रश्न येतात. इंग्रजीत लिहिणाऱ्या निर्मात्यांना ते सुचणे शक्य नाही. इंग्रजीत नाव वाक्यात सहसा बदलत नाही. मराठीत त्याला विभक्ती लागते, आणि सामान्यरूप होताना शब्दाचे अंगही पालटते. ‘पाटील’ या पात्राचा उल्लेख ‘पाटलाने’ असा येतो आणि ‘वाडा’ हे स्थळ ‘वाड्यात’ असे. मजकुरातील नावे ओळखून दुवे सुचविणारी प्रणाली येथे हतबल होते. म्हणून आपोआप दुव्यांवर विसंबू नये. दुवा मूळ नावाचा आणि दिसणारा शब्द वाक्याला साजेसा, असे लिहू देणारे साधन निवडावे. ‘ऑब्सिडियन’ व बहुतेक विकींत ही सोय आहे. शोध घेताना पूर्ण शब्दाऐवजी ‘वाड’, ‘पाट’ एवढाच भाग टंकलिहावा. ते पूर्ण शब्दच जुळविणारे साधन असेल तर ते मराठीच्या कामाचे नाही.

याहून सूक्ष्म अडचण युनिकोडची आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते भिन्न वाटतात. सूत्रधाराने संगणकावर एक पद्धत आणि भ्रमणध्वनीवर दुसरी वापरली, तर ‘दऱ्या’ असलेली निम्मी पाने शोधात सापडणार नाहीत आणि ती लिहिलीच नव्हती असा भ्रम होईल. एकच कळफलक कायम वापरणे हा यावरचा व्यवहार्य उपाय. ज्यांच्या जुन्या मोहिमांच्या नोंदी ‘श्रीलिपी’ किंवा ‘कृतिदेव’ यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत असतील त्यांनी त्या आधी रूपांतरित करून घ्याव्यात. एरवी नव्या साधनात त्या रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा म्हणून उतरतील.

निवडीची रीत

साधनांची तुलना करणारे तक्ते विपुल आहेत, पण ते सहसा निर्मात्यांनी दिलेल्या वैशिष्ट्यांची बेरीज असतात. त्यापेक्षा स्वतःच्या मोहिमेवर घेतलेली छोटी चाचणी अधिक विश्वसनीय ठरते. चालू मोहिमेतील वीस-पंचवीस नोंदी, म्हणजे काही व्यक्ती, काही स्थळे, दोन-तीन बैठकींचा वृत्तांत, नव्या साधनात घालाव्यात. सर्व जुने दप्तर एकदम हलविण्याच्या फंदात पडू नये. तो उत्साह दोन रविवार टिकतो आणि अर्धवट स्थलांतरित दप्तर हे दोन्ही जागी निरुपयोगी असते. नंतर एक बैठक त्या साधनाच्या आधारे चालवावी आणि प्रत्येक वेळी माहिती शोधावयास किती वेळ लागला याकडे लक्ष द्यावे. खेळाडू उत्तराची वाट पाहत असताना अर्ध्या मिनिटाची शांतता फार लांब भासते. टेबलावर ज्या साधनाने हवे ते पान दोन-तीन टिचक्यांत दिले नाही ते घरी कितीही समृद्ध वाटले तरी बैठकीत बंदच राहते, आणि सूत्रधार पुन्हा मनाने काहीतरी ठोकून देऊ लागतो.

नोंदी घालण्याचा श्रमही तितकाच मोजावा. खास विश्वरचनेसाठी बनविलेल्या संकेतस्थळांवर प्रत्येक व्यक्तीसाठी केसांच्या रंगापासून कुलदैवतापर्यंत रकाने असतात. रिकामा रकाना भरावासा वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. परिणामी ज्या राजाची भेट कधीच होणार नाही त्याच्या सात पिढ्या लिहिल्या जातात आणि येत्या शनिवारच्या बैठकीची तयारी राहून जाते. ज्यांना विश्वरचनेतच आनंद आहे त्यांना हे मान्य असेल, परंतु त्यांनी हा वेगळा छंद आहे हे ओळखून साधन निवडावे. सात-आठ बैठकींत संपणाऱ्या मोहिमेला तर यातले काहीच लागत नाही. शंभर पानी वही आणि शेवटच्या दोन पानांवर नावांची अकारविल्हे सूची एवढे पुरते. फार तर एका कोष्टकात नाव, ठिकाण, पहिली भेट कोणत्या बैठकीत आणि एक ओळ वर्णन, असे चार रकाने करावेत.

पैशाचा विचार वर्गणीच्या अंगाने करावा. दरमहा द्यावयाची रक्कम किरकोळ दिसते, पण ती डॉलरमध्ये असते आणि मोहीम वर्षानुवर्षे चालते. मुख्य म्हणजे वर्गणी थांबविल्यावर दप्तराचे काय होते, ते वाचता येते की कुलूपबंद होते, हे आधीच पाहून ठेवावे.

चाचणीचा अखेरचा भाग बाहेर पडण्याचा. घातलेल्या वीस नोंदी त्या साधनातून निर्यात कराव्यात, महाजालाची जोडणी तोडावी आणि निघालेल्या फायली संगणकावरील साध्या ‘नोटपॅड’मध्ये उघडाव्यात. मजकूर वाचता येतो का, देवनागरी शाबूत आहे का, कोणते पान कोणाशी जोडलेले होते ते कळते का, आणि चित्रे सोबत आली का, हे पाहावे. पैसे भरण्यापूर्वी यास अर्धा तास लागतो. तीन वर्षांच्या बखरीनंतर हीच परीक्षा प्रथमच देण्याची वेळ आली, तर उत्तर काहीही येवो, ते बदलण्याची संधी उरलेली नसते.